चौकातलं कारंजं आणि माझी सही

प्रेशर गेजचा काटा जागचा हलला नाही.

"मॅडम, गेज खराब झालं असंल," दत्ता म्हणाला. दत्ता आमचा फिटर. कुठलीही वस्तू मनासारखी वागली नाही की ती खराब, हा त्याचा हिशेब.

"दोन मिनिटांपूर्वी चौकाच्या अलीकडे याच गेजने दोन किलो दाखवले. तेवढ्यात खराब झालं का रे? काढ आणि परत लाव."

त्याने परत लावलं. काटा शून्यावर. आम्ही पुन्हा चौक ओलांडून अलीकडच्या नळावर गेलो. दोन किलो. परत पलीकडे. शून्य. भर एप्रिलच्या उन्हात आम्ही दोघं असे चार वेळा इकडून तिकडे गेलो. पानाच्या टपरीवरची माणसं हसायला लागली.

मी मावळातल्या एका छोट्या नगरपरिषदेत पाणीपुरवठा इंजिनिअर होते. नाव सांगत नाही. तिथल्यांना कळेलच, बाकीच्यांनी कळून काय करायचंय? आता रिटायर आहे, त्यामुळे मोकळेपणाने लिहिता येतंय. हे घडलं तेव्हा नोकरीची दोन वर्षं शिल्लक होती.

गेज म्हणजे नळाला लावायचं घड्याळासारखं यंत्र. पाइपात पाणी किती जोराने उभं आहे ते दाखवतं. दोन किलो म्हणजे पाणी सहा मजले आरामात चढेल. आणि शून्य म्हणजे शून्य. सपाट रस्त्यावर, वीस पावलांत, एकाच पाइपात सहा मजल्यांचा जोर कुठे गेला? पाणी काय वाटेत चहा प्यायला थांबलं?

हे मोजमाप करायची वेळ आली ती माळवस्तीमुळे. गावाच्या वरच्या अंगाला एक माळ आहे. तिथे पन्नास-साठ घरं. बहुतेक बौद्ध कुटुंबं, आणि कडेला मावळी शेतकऱ्यांची चार घरं. तिथे नऊ वर्षं नळाला पाणी नव्हतं. टँकर जायचा. त्या वर्षीच्या बजेटमध्ये वस्तीसाठी वेगळी पाइपलाइन आणि पंप धरला होता. सोमवारी सर्वसाधारण सभा. एस्टिमेट मी करायचं होतं. पंप किती मोठा लागेल हे ठरवायला आधी चौकात दाब किती मिळतो ते बघावं लागतं. एवढ्याचसाठी गेज घेऊन बाहेर पडले होते.

त्या दिवशी सकाळी वस्तीवरही जाऊन आले होते. पहिल्याच घरात एक मावशी कमरेला पट्टा बांधून बसल्या होत्या. हौसाबाई त्यांचं नाव. हंडे उचलून उचलून कमरेचा मणका सरकला होता. सून सविता बाहेर रस्त्याकडे डोळे लावून उभी.

"टँकर किती वाजता येतो?" मी विचारलं.

"वाजता?" सविता हसली. "मॅडम, टँकरला घड्याळ असतं होय? कधी नऊ, कधी दोन. शनिवार-रविवारी लोणावळ्याची गर्दी असली की हायवेलाच अडकून बसतो. तिकडं उर्से गावाजवळ भरतात म्हणे."

सविता नर्सिंग शिकलेली. लग्नाआधीपासून देहूरोडला एका दवाखान्यात नोकरी करत होती. टँकर येईल तेव्हा घरात उचलणारं माणूस पाहिजे. पहिल्याच वर्षी सासूची कंबर गेल्यावर तिने नोकरी सोडली. हे तिने मला अगदी सहज सांगितलं, बस चुकली म्हणून सांगावं तसं. मी म्हटलं, "यंदा होऊन जाईल तुमचं काम. पंप बसवतोय." फार मोठं दान देतेय असा माझा आवाज होता. आठवलं की अजून लाज वाटते.

तर मी चौकात उभी. या चौकाच्या मधोमध आमच्या नगरपरिषदेचं कारंजं आहे. नऊ वर्षांपूर्वी थाटात उद्घाटन झालं. रंगीत दिवे, बँड, फेटे. तिसऱ्या दिवशी मोटर जळाली ती जळालीच. तेव्हापासून नुसता गोल हौद आणि मध्ये सिमेंटचं कमळ.

"दत्ता, कारंजं किती वर्षं बंद आहे?"

"लय वर्सं."

"मग हौदात हे काय?"

हौदाच्या तळाशी चांगलं बोटभर पाणी होतं. हिरवंगार शेवाळ. एक कुत्रं निवांत पाणी पीत होतं. आख्ख्या गावात धूळ उडत होती, आणि नऊ वर्षं बंद पडलेल्या कारंज्यात पाणी! मी रोज ऑफिसला या हौदावरून जात होते. पावसाचं साचलंय, एवढंच मनात यायचं. एप्रिलमध्ये कुठला पाऊस?

मी गेज दत्ताच्या हातात दिलं.

ऑफिसला आले. भिंतीवरचा नकाशा बघितला. एका एजन्सीने कॉम्प्युटरवर करून दिलेला, रंगीत, लॅमिनेट केलेला. चौकात सरळ निळी रेघ, बाकी काही नाही. मग कपाटावरचा जुना नकाशा उतरवला. निळसर कागद, घड्यांवर फाटलेला. त्यावर चौकाच्या बरोबर मध्यावर दोन छोटे त्रिकोण, टोकाला टोक लावलेले. आमच्या नकाशात ही खूण म्हणजे वॉल्व्ह.

वॉल्व्ह म्हणजे पाइपातला दरवाजा. जमिनीखाली खड्ड्यात असतो, वर लोखंडी झाकण. लांब चावी खाली सोडून फिरवायची. एक फेरा म्हणजे एक आटा. किती आटे उघडला यावर पुढच्यांना किती पाणी ते ठरतं. आमची माणसं त्याला नुसतं 'वॉल' म्हणतात.

म्हणजे वस्तीकडे जाणाऱ्या लाइनच्या वॉल्व्हवर कारंजं बांधलंय. कुठल्या गाढवाने परवानगी दिली याला? मी तणतणत बांधकाम विभागात गेले. कारंज्याची फाइल काढायला लावली. "कोणी दिला ना-हरकत दाखला, ते मला बघायचंय," असं सगळ्या हॉलला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले.

ना-हरकत दाखला म्हणजे काय, तर एका विभागाने खोदायच्या आधी बाकीच्या विभागांनी लिहून द्यायचं की तिथे आमचं काही नाही, खुशाल खोदा. फाइलमध्ये पाच विभागांचे पाच दाखले होते. चौथा पाणीपुरवठ्याचा.

'प्रस्तावित जागेत या विभागाची कोणतीही मालमत्ता नाही. सबब हरकत नाही.'

खाली सही. माझी.

हॉलमध्ये सगळे माझ्याकडे बघत होते. मी फाइल मिटली, पुन्हा उघडली. सही तीच होती. माझ्या सहीतली शेवटची रेघ वर जाते. ती रेघ तिथे होती.

ती दुपार आठवायचा मी खूप प्रयत्न केला. धड आठवत नाही, आणि तेच जास्त लागलं. आमच्याकडे असे दाखले कसे होतात सांगते. शिपाई टंकलिखित कागद घेऊन टेबलाटेबलावर फिरतो. चहाच्या वेळेला. "मॅडम, सगळ्यांच्या झाल्या, तुमचीच राहिलीय." आपण भिंतीवरच्या रंगीत नकाशाकडे मान वळवतो, काही दिसत नाही, करतो सही. मी तशा कितीतरी केल्या असतील. जागेवर कोणीच जात नाही.

दुसऱ्या दिवशी मी शिरगावला गेले. आमचे जुने वॉल्व्हमन बबनआबा रिटायर झाल्यावर तिथे साईबाबांच्या मंदिराबाहेर हार-फुलं विकतात. मला बघून त्यांनी आधी एक हार पुढे केला.

"आबा, हार नको. चौकातल्या वॉल्व्हचं सांगा."

आबांनी हार खाली ठेवला. "बाई, लय उशिरा आलासा."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मीच दाबलाय त्यो वॉल. कारंज्याचं खोदकाम चालू हुतं. ठेकेदार म्हनला, खड्ड्यात पानी येतंय, जरा दाबा. मी दाबला. तीन आटे ठिवले उगडे, खालच्या आळीला धार तरी मिळावी म्हनून. काम झाल्यावर पुरा उगडायचा, असं ठरलं हुतं. त्याच म्हयन्याच्या शेवटाला मी रिटायर झालो."

"पुढच्या माणसाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की! चावी हातात दिली, म्हनलं चौकातला वॉल उगडायचा ऱ्हायलाय. त्यो गेलता बगायला. तितं कारंजं. मला इचाराया आला. मी म्हनलं, सायबांनी वॉल दुसरीकडं घेतला आसंल."

"अहो, पण असं कसं समजलात?"

आबा माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या नजरेत राग नव्हता, नवल होतं. "बाई, एवडी शिकलेली मानसं. वॉलवर कारंजं कशाला बांदतील?"

मी त्यांच्याकडून हार विकत घेतला आणि देवळात न जाताच परत फिरले.

मुख्याधिकारी साहेब तरुण होते. नगरपरिषदेचा कारभार चालवणारा सरकारी अधिकारी म्हणजे मुख्याधिकारी. हुशार माणूस, वाईट मुळीच नव्हता. मी सगळं सांगितलं. जुना नकाशा पसरला, माझी सहीपण दाखवली.

"म्हणजे कारंजं फोडायचं?" ते म्हणाले.

"हो."

"मॅडम, कारंजं ही सार्वजनिक मालमत्ता आहे. असं उठून फोडता येत नाही. आधी निर्लेखन करावं लागेल." निर्लेखन म्हणजे ती वस्तू नगरपरिषदेच्या मालमत्ता रजिस्टरमधून काढून टाकणं. त्यांनी रजिस्टर मागवलं. कारंज्यासमोर शेरा होता, 'चालू स्थितीत'. नऊ वर्षं, दरवर्षी, त्याच अक्षरात, 'चालू स्थितीत'.

"साहेब, ते तिसऱ्या दिवशी बंद पडलं."

"रजिस्टरप्रमाणे चालू आहे. चालू मालमत्ता निर्लेखित करता येत नाही. आधी ती बंद आहे असा अहवाल, मग समिती, मग सभेचा ठराव." त्यांनी पेन खाली ठेवलं, आवाज हळू केला. "दुसरं सांगू का? एस्टिमेट तुम्ही करून द्या. नवीन लाइन वेगळ्या रस्त्याने जातेय. पंप बसेल, वस्तीला पाणी मिळेल. वॉल्व्हचा विषय कशाला काढताय? पहिलं बोट तुमच्या सहीकडे जाईल. तुमची दोनच वर्षं राहिलीत."

खरं सांगते, मोह झाला. रात्रभर... नाही, हे खोटं. अर्धाच तास मोह झाला, पण सडकून झाला. पेन्शन डोळ्यासमोर आली. नवीन लाइन म्हणजे टेंडर, खोदाई, कमीत कमी दोन उन्हाळे. आणि ते सगळं कशासाठी? तर पाइपात आधीच उभं असलेलं पाणी वळसा घालून न्यायला. सविता रस्त्याकडे बघत उभी आहे, हे काही डोळ्यासमोरून जाईना.

"साहेब, एस्टिमेट मी करणार नाही," मी परत त्यांच्या केबिनमध्ये जाऊन म्हणाले.

"मग?"

"मग माहीत नाही."

वाट सापडली ती आबांमुळे. संध्याकाळी त्यांचा फोन आला. त्यांना चैन पडत नसावं. "बाई, त्या हौदात आजून पानी दिसतंय का?"

"दिसतंय."

"मग त्यो गळतोय. लय दिस दाबून ठिवला की गळतोच. वलावा वर येतोय."

मी ताडकन उठले. गळती! आख्ख्या नगरपरिषदेत एवढं एकच काम असं आहे, ज्याला ना ठराव लागतो, ना समिती, ना टेंडर. पाइप गळत असेल तर पाणीपुरवठा इंजिनिअर आधी खोदतो, मग कळवतो. वर रस्ता असो, फुटपाथ असो, नाहीतर सिमेंटचं कमळ असो. आणि गळती खरीच होती. सकाळी दत्ताला घेऊन गेले, हौद पूर्ण उपसला आणि तिथेच बसून राहिले. तासाभरात तळ पुन्हा ओला. मी गळती रजिस्टरात नोंद केली, खाली सही केली. यावेळी आधी बघून.

साहेबांनी नोंद वाचली. मग म्हणाले, "गळती असेल तर मी कसा अडवणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सिमेंट फोडायचा ब्रेकर लावला. चौक माणसांनी भरून गेला. एकजण ओरडला, "ओ मॅडम, गावाची शोभा फोडताय!" मी म्हटलं, "ये, शोभा घरी घेऊन जा." कमळ आडवं झालं. हौदाचा तळ फुटला. त्याच्या खाली मुरूम, मुरुमाखाली चिखल, आणि कमरेएवढ्या खोलीवर लोखंडी झाकण. जुन्या नकाशातल्या त्रिकोणांच्या बरोबर जागेवर. मला रडू आलं, ते मी ब्रेकरच्या धुळीवर ढकललं.

आबा शिरगावहून आले होते. चावी दुसऱ्या कोणाला हात लावू दिली नाही. पहिला आटा फिरायलाच अर्धा तास लागला. मग कर्रकन आवाज झाला आणि दांडा हलला. "सावकाश," आबा स्वतःलाच सांगत होते. एकदम उघडला तर पाण्याच्या दणक्याने जुना पाइप फुटतो. प्रत्येक आट्याला ते थांबायचे, कान लावायचे, मग पुढचा. सोळा आटे फिरले तेव्हा दहा वाजून गेले होते.

आम्ही वस्तीवर गेलो. कोणाला सांगितलं नव्हतं. पाणी आलं नाही तर काय, ही भीती. वस्तीच्या तोंडाशी सार्वजनिक नळ होता. म्हणजे नळ कधीच गायब, नुसता गंजका पाइप उभा. त्यावर कोणीतरी पायपुसणं वाळत घातलं होतं.

आधी हवा आली. फुसफुस करत. मग लालभडक गंजाचं पाणी उडालं आणि पायपुसणं लांब जाऊन पडलं. मग गढूळ. मग स्वच्छ. ही एवढी जाड धार!

मला वाटलं होतं लोक आनंदाने ओरडतील. कोणी ओरडलं नाही. बायका दारात आल्या आणि जागीच उभ्या राहिल्या. पाणी वाहून गटारात चाललं होतं तरी हंडा घेऊन कोणी पुढे आलं नाही. हौसाबाई पट्ट्यावर हात दाबत आल्या, धारेखाली हात धरला, मागे घेतला.

"पंप लावला का?" त्यांनी विचारलं.

"नाही मावशी. खाली चौकात वॉल्व्ह बंद होता. तो उघडला."

"नुसता उगडला?"

"हो."

"म्हंजी नऊ वर्सं पानी तितं चौकात हुतं?"

मी मान हलवली.

"आगं बया," त्या एवढंच म्हणाल्या आणि ओट्यावर बसल्या.

मी सांगून टाकलं. सगळ्यांसमोर. की कारंज्याला परवानगी देणाऱ्या कागदावर माझी सही आहे, मी जागा न बघता केली होती. दत्ता बाजूने मला खुणावत होता, गप्प बसा म्हणून. मला वाटलं आता शिव्या बसतील. बसल्या असत्या तर बरं झालं असतं.

सविता घरात गेली आणि प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेले दोन कागद घेऊन आली. पहिला तिचा अर्ज. नऊ वर्षांपूर्वीचा, वर आमच्या आवक विभागाचा गोल शिक्का. नवीन लग्न होऊन आलेली, वस्तीत शिकलेली सून म्हणून सगळ्यांनी तिलाच लिहायला लावला होता. सुवाच्य अक्षर. 'चौकात कारंज्याचे काम सुरू झाल्या दिवसापासून आमच्या वस्तीला पाणी येत नाही. त्याआधी रोज येत होते. कृपया त्या ठिकाणी काही बंद झाले आहे का ते पाहावे.'

मी ते तीन वेळा वाचलं. सगळं त्यात होतं. जागा, दिवस, कारण. एका नव्या सुनेला घरबसल्या जे कळलं होतं, ते शोधायला मला नऊ वर्षं, गेज आणि ब्रेकर लागला.

दुसरा कागद त्या अर्जाचं उत्तर होता. 'आपली वस्ती उंचावर असल्याने पाण्याचा दाब कमी मिळतो. कारंज्याच्या कामाशी याचा तांत्रिकदृष्ट्या संबंध नाही.'

खाली सही. शेवटची रेघ वर गेलेली.

सविताने वाद घातला नाही, आवाजही चढवला नाही. म्हणाली, "मॅडम, तुम्ही इंजिनिअर. मला वाटलं, तुम्ही म्हणताय तर नसेल संबंध. म्हणून परत अर्ज केला नाही." मग पिशवी माझ्या हातात दिली. "हे तुमच्याकडेच ठेवा. मी खूप सांभाळलं." आणि हंडा घ्यायला वळली.

पुढचं थोडक्यात. मला कारणे दाखवा नोटीस आली. मी कारणं दाखवली नाहीत, चूक मान्य केली. एक वेतनवाढ गेली. पाइपलाइनचा प्रस्ताव मागे घेतला गेला, त्यावरून दोन नगरसेवक माझ्याशी शेवटपर्यंत बोलले नाहीत. टँकर बंद झाला. सविता देहूरोडच्या दवाखान्यात विचारून आली. नऊ वर्षांची गॅप आहे म्हणाले, आधी ट्रेनी म्हणून या. तिच्याबरोबर शिकलेल्या मुली आता तिथे सिस्टर इन्चार्ज आहेत. ती जाते. कारंज्याचा अर्धा हौद अजून चौकात आहे, आणि मी रिटायर होईपर्यंत तरी रजिस्टरात ते चालू स्थितीतच होतं.

ते दोन कागद उरलेली दोन वर्षं मी टेबलाच्या काचेखाली ठेवले. दाखला घेऊन शिपाई आला की आधी चपला घालायच्या, मग पेन उघडायचं. "मॅडम, नुसती सही तर पाहिजे," तो कुरकुरायचा. मी त्याला सोबत घेऊन जायचे.

आमच्या ऑफिसपासून चौक चालत सात मिनिटांवर आहे. मी नंतर मोजलं.